होस्ट अनेक, स्क्रिप्ट एक: वाचकांचे प्रश्न

या वेळी व्हर्च्युअल सर्व्हरचे होस्ट (म्हणजे ज्या खऱ्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम, चालतात ती) आणि त्यांचं नेटवर्क स्क्रिप्टने कसं लावायचं यावरच इतके प्रश्न आलेत की सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. कमांड इथे देवनागरीत छापल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा. आणि पहिला प्रयोग टेस्टच्या होस्टवर, प्रॉडक्शनवर नको, हे काय वेगळं सांगायला हवं का, पण पत्रं वाचून वाटलं की हवंच.

प्रश्न: आमच्याकडे ईएसएक्सआयचे (व्हीएम चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) बारा होस्ट आहेत, वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी हाताने क्लिक करून लावलेले. आता काही व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर व्हीमोशन (चालू व्हीएम न थांबवता हलवणं) होत नाहीत, तिकडे नेटवर्क नाही असं म्हणतं, पण पोर्ट ग्रुप (व्हर्च्युअल स्विचवरचा नाव दिलेला गट, ज्याला व्हीएम जोडतात) तर दोन्हीकडे दिसतोय! सगळे होस्ट स्क्रिप्टने एकसारखे करायचेत. पॉवरसीएलआय वापरू की ईएसएक्ससीएलआय, आणि सुरुवात कुठून करू?

कुठलं वापरायचं ते आधी सांगतो, ते सोपंय. बारा होस्ट व्हीसेंटरमध्ये (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणाऱ्या सर्व्हरमध्ये) आहेत ना, मग पॉवरसीएलआय, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलमधून व्हीएमवेअर हाताळणाऱ्या कमांडचा संच. आपल्या मशीनवर बसून एकदा कनेक्ट-व्हीआयसर्व्हर केलं की गेट-व्हीएमहोस्टने सगळे होस्ट एका दमात हाताशी येतात. ईएसएक्ससीएलआय होस्टच्या आतून चालवायचं हत्यार आहे, म्हणजे होस्ट अजून व्हीसेंटरला जोडलाच नाहीये, किंवा व्हीसेंटरच बंद पडलंय, किंवा किकस्टार्टने (आपोआप इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्ट फाईलने) नवीन होस्ट इन्स्टॉल करताना फर्स्टबूट सेक्शनमध्ये स्विच-पोर्ट ग्रुप बनवायचेत, तेव्हा ते. (तिथेही एक मेख आहे, सिक्युअर बूट चालू असेल तर फर्स्टबूटमधली स्क्रिप्ट चालतच नाही, उगाच अर्धा दिवस स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसाल.)

आता मुख्य गोष्ट. पहिली स्क्रिप्ट काहीही बदलणारी नको, फक्त बघणारी हवी. प्रत्येक होस्टचं नाव, व्हीस्विच (होस्टमधला व्हर्च्युअल स्विच), पोर्ट ग्रुपचं नाव, व्हीएलॅन आयडी (एकाच तारेवरची वेगळी नेटवर्क ओळखायचा नंबर), एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार), एनटीपी (घड्याळ जुळवणारा) सर्व्हर एवढं काढा, एक्स्पोर्ट-सीएसव्हीने फाईलमध्ये टाका आणि ती फाईल शांतपणे वाचा. बहुतेक लोक हे सोडून थेट न्यू-व्हर्च्युअलपोर्टग्रुपवर उडी मारतात आणि मग आधीचा घोळ तसाच राहून वर नवा चढतो.

तुमचं दुखणं तर मला नावातच दिसतंय. स्टँडर्ड, म्हणजे प्रत्येक होस्टवर वेगळा बनवलेल्या, स्विचवर व्हीमोशन पोर्ट ग्रुपचं नाव जुळवून बघतं, आणि ईएसएक्सआयला कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक कळतो. एका होस्टवर पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्यावर स्मॉल, तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे पोर्ट ग्रुप. आणि गंमत अशी की पॉवरशेलचं नेहमीचं ईक्यू ऑपरेटर कॅपिटल-स्मॉल मानतच नाही! त्यामुळे तुमची तपासणीची स्क्रिप्ट छातीठोकपणे सांगेल की सगळं सेम आहे आणि व्हीमोशन म्हणेल नाही. तुलना करताना सीईक्यू वापरा, कम्पेअर-ऑब्जेक्ट वापरत असाल तर त्याला केससेन्सिटिव्ह हा स्विच द्या. दुसरा चोर म्हणजे नावाच्या शेवटी राहिलेली स्पेस, ती डोळ्याला दिसतच नाही, म्हणून रिपोर्टमध्ये नावाशेजारी नावाची लांबी किती अक्षरं हा एक कॉलम टाका. एकाच नावापुढे एकीकडे ७ आणि दुसरीकडे ८ आलं की सापडला चोर.

चुकीचं नाव सापडलं की लगेच रीनेम करायचा मोह होतो, तो आवरा. त्याच्यावर बसलेल्या व्हीएमच्या कॉन्फिगरेशनमध्ये जुनंच नाव लिहिलेलं असतं, आत्ता चालू दिसतात पण पुढच्या बंद-चालूला किंवा सेटिंग उघडल्यावर रडतात. त्यापेक्षा बरोबर नावाचा नवीन पोर्ट ग्रुप त्याच व्हीएलॅनवर बनवा, सेट-नेटवर्कअ‍ॅडॉप्टरने व्हीएम एकेक करून तिकडे हलवा (चालू व्हीएमवरही होतं), जुना रिकामा झाला याची खात्री करा आणि मगच तो काढा.

बनवणाऱ्या स्क्रिप्टचा नियम एकच, आधी आहे का बघ, नसेल तरच बनव, असेल पण व्हीएलॅन वेगळा असेल तर बदलू नकोस, फक्त ओरड. म्हणजे ती दहादा चालवली तरी बिघडत नाही. इथे बरेच जण काय करतात, गेट-व्हर्च्युअलपोर्टग्रुपला नाव देऊन विचारतात आणि एरर आला तर गप्प बस असं एररअ‍ॅक्शन लावतात. मग होस्टशी कनेक्शनच तुटलेलं असलं तरी स्क्रिप्टला वाटतं पोर्ट ग्रुप नाहीये. सगळी यादी आधी मागवा, ती रिकामी नाही हे बघा आणि त्यात आपण शोधा. शेवटी व्हॉटइफ लावून एकदा चालवा, काय काय करणार आहे ते सांगेल, अर्थात होस्ट ते मान्य करेल की नाही हे मात्र व्हॉटइफला कळत नसतं.

लायसन्स परवानगी देत असेल तर डिस्ट्रिब्युटेड स्विचकडे जा, तिथे पोर्ट ग्रुप व्हीसेंटरमध्ये एकदाच बनतो आणि हा नावांचा तमाशाच संपतो. पण तो आजचा प्रश्न नाही.

प्रश्न: केव्हीएमच्या (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) होस्टवर व्हर्श या कमांडने स्क्रिप्टमधून नेटवर्क बनवतो, व्यवस्थित चालतं, होस्ट रीबूट झाला की गायब. एक्सएमएल फाईल तीच आहे. काय चुकतंय?

तुम्ही नेट-क्रिएट वापरताय, पैज लावतो. ते तात्पुरतं नेटवर्क बनवतं, बंद झालं की त्याची आठवणही राहत नाही. स्क्रिप्टमध्ये तीन ओळी हव्यात: नेट-डिफाईनने व्याख्या कायमची नोंदवा, नेट-स्टार्टने चालू करा, नेट-ऑटोस्टार्टने रीबूटनंतर आपोआप उठेल असं करा. तिसरी विसरली की नेटवर्क असतं पण झोपलेलं असतं, आणि त्यावरच्या व्हीएम सुरूच होत नाहीत.

आणखी एक, नेट-डिस्ट्रॉय हे नाव भीतीदायक असलं तरी ते फक्त बंद करतं, व्याख्या काढायला नेट-अनडिफाईन लागतं. पण बंद करणंही काही साधं नाही. व्हीएम चालू असताना नेट-डिस्ट्रॉय करून पुन्हा नेट-स्टार्ट केलं तर ब्रिज (व्हीएमना जोडणारा लिनक्समधला सॉफ्टवेअर स्विच) नवीन बनतो आणि चालू व्हीएमचे इंटरफेस जुन्या ब्रिजवरून सुटलेले तसेच लटकत राहतात, आतून बघाल तर सगळं ठीक, बाहेर एक पॅकेट जात नाही. डीएचसीपीमध्ये (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेत) एखादी नोंद घालायची असेल एवढ्यासाठी नेटवर्क पाडू नका, नेट-अपडेट आहे, त्याला लाईव्ह आणि कॉन्फिग दोन्ही द्या, म्हणजे आत्ताही लागू आणि रीबूटनंतरही. फक्त लाईव्ह दिलंत तर पुन्हा इथेच पत्र पाठवाल.

प्रश्न: रिमोट होस्टवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) जाऊन फिजिकल नेटवर्क कार्ड ब्रिजमध्ये टाकायची स्क्रिप्ट चालवली आणि कनेक्शन गेलं ते गेलंच, रात्री सर्व्हर रूममध्ये जावं लागलं. हे रिमोटने करूच नये का? की काही सुरक्षित पद्धत आहे?

करावं, सगळे करतात, पण परतीचं तिकीट काढून. हा प्रश्न मला या सगळ्या गठ्ठ्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटला म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काय झालं असणार ते बघू. ब्रिज बनवताना आयपी अ‍ॅड्रेस कार्डवरून काढून ब्रिजवर ठेवायचा असतो. काढल्यापासून ठेवेपर्यंत होस्टला नेटवर्क नसतं, आणि तुमची स्क्रिप्ट ज्या एसएसएच सेशनमध्ये चालली होती ते सेशन तिथे अडकतं. तेवढ्यात तुम्ही घाबरून खिडकी बंद केलीत किंवा सेशन तुटलं तर हँगअप सिग्नल जाऊन स्क्रिप्टही अर्ध्यात मरते. म्हणजे आयपी काढलाय आणि ठेवलेला नाहीये, ही सगळ्यात वाईट जागा. म्हणून पहिला नियम, नेटवर्क बदलणारी स्क्रिप्ट कधीही उघड्या एसएसएचमध्ये चालवायची नाही, टीमक्स, नोहप किंवा सिस्टीमडी-रन, काहीतरी एक ज्यामुळे सेशन मेलं तरी स्क्रिप्ट शेवटपर्यंत जाईल.

दुसरा, परतीचा टायमर. जुन्या कॉन्फिगरेशनची कॉपी ठेवा, ती परत जागेवर ठेवून नेटवर्क रीलोड करणारी छोटी रोलबॅक स्क्रिप्ट लिहा, आणि बदल करण्याच्या आधी सिस्टीमडी-रनला ऑन-अ‍ॅक्टिव्ह ५ मिनिटं आणि युनिटचं नाव रोलबॅक असं देऊन ती शेड्यूल करून टाका. मग बदल करा. सगळं नीट असेल तर सिस्टीमसीटीएल स्टॉप रोलबॅक डॉट टायमर, झालं, परतीचं तिकीट रद्द. नीट नसेल तर काहीच करू नका, पाच मिनिटांनी होस्ट आपणहून जुन्या अवस्थेत येतो. रोलबॅक स्क्रिप्ट बदलाच्या आधी एकदा नुसतीच चालवून बघा, काही बदललेलंच नसल्याने काही व्हायला नको, आणि झालं तर मग ती स्क्रिप्टच भिकार आहे हे आत्ताच कळलं ना.

आणि नीट आहे हे कसं ठरवायचं? जुनं सेशन चालू आहे यावरून नाही. दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करा, ते झालं, आतून गेटवेला पिंग लागला, डीएनएसने नाव सोडवलं, तरच टायमर थांबवायचा. घाईही नको. नेटवर्कमॅनेजरच्या एनएमसीएलआयने बनवलेल्या ब्रिजवर एसटीपी (पॅकेट गोल गोल फिरू न देणारी सोय) मुळातच चालू असतं आणि पोर्ट ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ असे ३० सेकंद घालवून मग पॅकेट पुढे सोडतो, त्या अर्ध्या मिनिटात लोक घाबरून भलतंच काहीतरी टाईप करतात.

आयपी डीएचसीपीने मिळत असेल तर आणखी एक खड्डा. ब्रिजला कार्डाचाच मॅक अ‍ॅड्रेस (कार्डाचा हार्डवेअर नंबर) मिळेल असं आपण गृहीत धरतो, पण सिस्टीमडीच्या २४२ व्हर्जनपासून पुढे त्याला मशीन आयडीवरून (त्या लिनक्स इन्स्टॉलेशनची ओळख) बनवलेला स्वतःचा मॅक मिळू शकतो, मग डीएचसीपी सर्व्हरला ते नवीन यंत्र वाटतं आणि तो दुसराच आयपी देतो. होस्ट जिवंत असतो, तुम्ही मात्र जुन्या पत्त्यावर हाका मारत बसता. होस्टला स्थिर आयपी द्या, नाहीतर ब्रिजला मॅक स्वतः लिहून द्या.

उबंटूवाल्यांसाठी नेटप्लॅन ट्राय ही कमांड आहे, बदल लावतो, तुम्ही १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर मागे घेतो, छान सोय आहे, पण बऱ्याच व्हर्जनमध्ये ब्रिज किंवा बाँडला (अनेक कार्ड एकत्र जोडून केलेलं एक) खास पॅरामीटर दिलेले असतील तर ते परत फिरवता येत नाहीत असं सांगून तो हात वर करतो, म्हणजे नेमकं आपल्याला हवं तिथेच. म्हणून हाताने लावलेला टायमर बरा. ईएसएक्सआयमध्ये ५.१ पासून व्हीसेंटरमधून केलेल्या बदलाने मॅनेजमेंट नेटवर्क तुटलं तर तो बदल आपोआप उलटवला जातो, पण होस्टवर बसून ईएसएक्ससीएलआयने केलेल्या उद्योगाला ते कवच आहे असं समजू नका. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये न्यू-व्हीएमस्विच चालवताना होस्टला एकच कार्ड असेल तर अलाऊमॅनेजमेंटओएस हे ट्रू असं स्पष्ट लिहा, फॉल्स गेलं तर कार्ड सगळं व्हीएमना आणि होस्ट अंधारात.

आणि हे सगळं करूनही आयलो, आयड्रॅक किंवा साधं आयपीएमआय (होस्टचं नेटवर्क गेलं तरी सर्व्हर दुरून हाताळायची वेगळी वाट), जे काही त्या सर्व्हरला असेल त्याचा पासवर्ड चालतो का हे काम सुरू करायच्या आधी बघा. नंतर नाही, आधी.

प्रश्न: स्टोरेजच्या नेटवर्कवर जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) लावली, स्क्रिप्टने सगळ्या होस्टवर एमटीयू ९००० केला. पिंग व्यवस्थित जातोय पण डेटास्टोअर (व्हीएमच्या फाईल ठेवायची जागा) मधूनमधून अडकतो. स्टोरेजवाले म्हणतात आमच्याकडे सगळं बरोबर आहे.

पिंग व्यवस्थित जातोय कारण तो चिमुकला असतो, ५६ बाईटचा माल, तो कुठूनही जाईल. मोठं पॅकेट पाठवा आणि तुकडे करू नको असं सांगा. ईएसएक्सआयवर व्हीएमके-पिंगला डॅश डी आणि साईझ ८९७२ द्या. ८९७२ का, तर ९००० मधून आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा. ९००० लिहाल तर सगळं बरोबर असूनही फेल होईल आणि उगाच स्टोरेजवाल्यांशी भांडण होईल. लिनक्सवर हेच पिंग डॅश कॅपिटल एम डू, डॅश एस ८९७२. विंडोजवर डॅश एफ, डॅश एल ८९७२.

फेल झालं तर मधलं कोणीतरी १५०० वर राहिलंय. लोक व्हीएमकर्नल इंटरफेसचा (ईएसएक्सआयचा स्वतःचा नेटवर्क इंटरफेस) एमटीयू बदलतात आणि व्हीस्विचचा विसरतात, किंवा दोन्ही करतात आणि फिजिकल स्विचचा पोर्ट विसरतात. दोन अपलिंक (फिजिकल स्विचकडे जाणारी कार्ड) असतील तर एका वाटेवर ठीक आणि दुसरीवर नाही असंही होतं, तुमचं 'मधूनमधून' मला तसंच वाटतंय, एकेक अपलिंक घेऊन तपासा. आणि ही तपासणी स्क्रिप्टच्या शेवटी कायमची टाकून ठेवा, एमटीयू सेट केला म्हणून काम संपलं असं नाही, ८९७२ पलीकडे पोचला तर संपलं.

प्रश्न: स्क्रिप्टमध्ये रूटचा पासवर्ड लिहिलेला आहे, सिनियर ओरडले. पण रात्री आपोआप चालवायची तर कुठेतरी लिहावा लागणारच ना?

सिनियर बरोबर आहेत. लिनक्स होस्ट असेल तर पासवर्ड नकोच, ईडी२५५१९ ची एसएसएच की बनवा, आणि ती की रूटची नको, फक्त लागतील तेवढ्याच कमांड चालवता येतील अशा वेगळ्या युजरची. कमांड लाईनवर तर पासवर्ड कधीच देऊ नका, पीएस कमांड मारली की त्या मशीनवरच्या दुसऱ्या कोणालाही तो दिसू शकतो.

पॉवरशेलमध्ये गेट-क्रेडेन्शियल करून एक्स्पोर्ट-सीएलआयएक्सएमएलने फाईल बनवली की विंडोजवर ती त्याच युजरला त्याच मशीनवरच उघडता येते, म्हणून ज्या सर्व्हिस अकाउंटखाली शेड्यूल्ड टास्क चालणार त्याच अकाउंटने लॉगिन करून फाईल बनवा, नाहीतर रात्री ती उघडणारच नाही. लक्षात ठेवा, लिनक्सवरच्या पॉवरशेलमध्ये हीच कमांड खरं एन्क्रिप्शन करत नाही. आणि ती पासवर्डवाली स्क्रिप्ट गिटमध्ये गेली असेल तर ओळ खोडून कमिट केल्याने काही होत नाही, हिस्ट्रीत ती आहेच, पासवर्डच बदला, आजच.

प्रश्न: टेम्प्लेटवरून स्क्रिप्टने वीस उबंटू व्हीएम क्लोन केल्या, सगळ्यांचे मॅक वेगळे आहेत हे तपासलं, तरी डीएचसीपीवर सगळ्यांना एकच आयपी!

मॅक वेगळे आहेत पण ईटीसीमधली मशीन-आयडी फाईल सगळ्यांची एकच आहे. सिस्टीमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला मॅक नाही, मशीन आयडीवरून बनवलेली ओळख सांगतो. टेम्प्लेटमध्ये ती फाईल रिकामी करा, डिलीट नको, रिकामी, पहिल्या बूटला नवीन आयडी बनेल. व्हार-लिब-डीबसमध्ये तिची वेगळी कॉपी असेल तर तीही काढा. एसएसएचच्या होस्ट की सुद्धा वीसही मशीनवर त्याच असणार, त्याही नव्या करा. हे सगळं हाताने करण्यापेक्षा व्हर्ट-सिसप्रेप क्लोन करण्यापूर्वी बंद टेम्प्लेटवर चालवा.

हायपर-व्हीवाल्यांनी हसू नये, तिथे प्रत्येक होस्टकडे २५६ मॅकचा साठा असतो आणि होस्टचीच इमेज कॉपी करून नवीन होस्ट उभा केला तर दोघांचा साठा सारखाच निघू शकतो. गेट-व्हीएमहोस्टने मॅकची मिनिमम आणि मॅक्सिमम बघून घ्या. (हो, पॉवरसीएलआय आणि हायपर-व्ही दोन्हीत गेट-व्हीएमहोस्ट आहे, एकाच मशीनवर दोन्ही मॉड्यूल असतील तर मॉड्यूलचं नाव पुढे लावून हाक मारा, नाहीतर भलत्यालाच जाईल.)

प्रश्न: साहेब म्हणतात स्क्रिप्ट जुन्या झाल्या, अ‍ॅन्सिबल शिका. बरोबर आहे का?

शिका. अनेक मशीन एका दमात कॉन्फिगर करणारं हे हत्यार २०१२ पासून आहे, 'आहे का बघ, नसेल तरच बनव' हे त्याच्या मॉड्यूलमध्ये बऱ्यापैकी आयतं मिळतं आणि चेक मोडही (न बदलता फक्त काय बदलेल ते सांगणारा) आहे. पण तीन होस्ट असतील आणि स्क्रिप्ट वर सांगितल्यासारखी लिहिलेली असेल तर ती फेकून द्यायचं काही कारण नाही. ज्याला व्हीएलॅन आणि ब्रिज कळत नाही त्याला अ‍ॅन्सिबलही वाचवत नाही, उलट चूक एकदम बारा होस्टवर पोचवतो.

प्रश्न: केव्हीएम होस्टवर कोणीतरी डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं आणि ब्रिजवरच्या सगळ्या व्हीएमचं नेटवर्क गेलं. ब्रिजची स्क्रिप्ट पुन्हा चालवली, फरक नाही.

ब्रिजचा दोष नाहीच. डॉकर सुरू होताना फायरवॉलच्या फॉरवर्ड चेनची (होस्टमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटच्या नियमांची यादी) पॉलिसी ड्रॉप करतो, आणि बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड झालेलं असेल तर ब्रिजवरून जाणारी पॅकेटही त्याच चेनमधून जातात, म्हणून व्हीएमची पॅकेट तिथे मरतात. एलएसमॉडने मॉड्यूल आहे का बघा, मग आयपीटेबल्समध्ये फॉरवर्डची पॉलिसी बघा. इलाज म्हणजे डॉकर-युजर नावाच्या चेनमध्ये तुमच्या ब्रिजवरून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅफिकला अ‍ॅक्सेप्ट द्या, ती चेन त्यासाठीच ठेवलेली असते. बीआर-नेटफिल्टरचं सिसकंट्रोल सेटिंग ० करूनही व्हीएम चालू होतात पण मग कंटेनरचं आपापसातलं फिल्टरिंग बिघडू शकतं. आणि जमत असेल तर डॉकर एका व्हीएममध्ये हलवा, होस्टवर ठेवूच नका.